अरबी समुद्राचा घरकोंबडा

देवमासा हा मासा नाही, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना जन्म देतो आणि दूध पाजतो. देवमाशांबद्दल आणखी एक गोष्ट पुस्तकांतून वाचायला मिळते. हंपबॅक जातीचे देवमासे दरवर्षी हजारो किलोमीटर स्थलांतर करतात. मात्र आपल्या दाराशी असलेल्या अरबी समुद्रातला हंपबॅक हा नियम पाळत नाही. तो असा घरकोंबडा का झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी स्थलांतराचे कारण पाहू. पूर्ण वाढलेला हंपबॅक १३ ते १५ मीटर लांब असतो आणि त्याचे वजन २५ ते ३० टन भरते. त्याला दात नसतात. वरच्या जबड्यातून नखांसारख्या द्रव्याच्या पट्ट्या झालरीप्रमाणे लोंबतात. तोंडभर पाणी घ्यायचे, ते पट्ट्यांमधून बाहेर ढकलायचे आणि आत अडकलेले लहान मासे व कोळंबीसारखे क्रिल गिळायचे, ही त्याची जेवणाची रीत. असे अन्न उन्हाळ्यात ध्रुवांजवळच्या थंड समुद्रात विपुल असते. पिलांचा जन्म मात्र हिवाळ्यात, विषुववृत्ताजवळच्या उबदार पाण्यात होतो. तेथे मोठ्या जनावरांना खायला फारसे मिळत नाही. अंगावरच्या चरबीवर ती काही महिने काढतात आणि पुन्हा ध्रुवाकडे वळतात. थोडक्यात, स्वयंपाकघर एकीकडे आणि बाळंतिणीची खोली दुसरीकडे, म्हणून ही पायपीट.

आता नकाशा उघडा. अरबी समुद्राच्या उत्तरेला आशिया खंडाची भिंत आहे. उत्तर ध्रुवाकडे जायला येथून वाटच नाही. मग येथील देवमासे खातात काय? याचे उत्तर आपल्या ओळखीच्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत आहे. जून ते सप्टेंबर या काळात हे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर लोटले जाते. त्याची जागा घ्यायला खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. या खतावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी आणि त्यांवर मासे. जो पाऊसवारा आपली शेते पिकवतो, तोच या देवमाशांचेही ताट वाढतो. उष्ण कटिबंधातच अन्न मिळाले आणि पिलांसाठी ऊबही मिळाली. मग जायचे कशाला?

याचा पुरावा एका दुःखद घटनेतून मिळाला. हंपबॅकच्या शिकारीवर १९६६ साली जगभर बंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात २३८ हंपबॅक मारले. ही माहिती दडवलेली होती, ती १९९० च्या दशकात उघड झाली. जहाजावरील शास्त्रज्ञांच्या नोंदींनुसार मारलेल्या देवमाशांच्या पोटात मासे आणि क्रिल होते. म्हणजे ते याच समुद्रात जेवत होते. मादीच्या पोटातील गर्भांच्या लांबीवरून त्यांचा विणीचा हंगामही ठरवता आला. तो उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यातला निघाला. दक्षिण हिंदी महासागरातील हंपबॅक जून ते ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे दक्षिण गोलार्धाच्या हिवाळ्यात वितात. दोघांच्या हंगामांत सुमारे सहा महिन्यांचे अंतर! शेजारी असूनही सोयरीक जुळणे कठीण. आनुवंशिक अभ्यासानुसार अरबी समुद्रातील हे देवमासे सुमारे ७० हजार वर्षांपासून इतरांपासून तुटलेले आहेत. त्यांच्या नरांचे गाणेही दक्षिणेकडच्या नरांच्या गाण्याहून वेगळे आहे.

घरकोंबडा म्हटले तरी त्याचे घर लहान नाही. २०१७ साली ओमानजवळ एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवले गेले. तिचे नाव लुबान. अरबी भाषेत लुबान म्हणजे धूप म्हणून जाळला जाणारा सुगंधी डिंक. ही मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, दक्षिणेकडे भारताच्या टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. हंपबॅकचे गाणे गोव्याजवळच्या समुद्रातही ध्वनिमुद्रित झाले आहे. तेव्हा हा देवमासा जितका ओमानचा, तितकाच आपलाही आहे.

पण तो उरला किती? हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. २००० ते २००४ या काळातील अशा छायाचित्रांवरून ओमानजवळच्या देवमाशांची संख्या अवघी ८२ च्या आसपास असावी, असा अंदाज निघाला. मादी साधारण दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिलू देते. दक्षिणेकडून नवे देवमासे येऊन ही उणीव भरून काढतील, अशी आशा नाही. म्हणून जाळ्यात अडकून किंवा जहाजाची धडक बसून मेलेली एक मादीसुद्धा येथे फार मोठी हानी ठरते. ओमानजवळच्या अनेक देवमाशांच्या शेपटीच्या बुंध्यावर जाळ्यांचे वण दिसले आहेत.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देवमाशांना संरक्षण आहे. पण खोल समुद्रात कायद्यापेक्षा कोळ्याच्या हातातली सुरी अधिक उपयोगी पडते. जाळे कापले तर जनावर सुटते, पण कोळ्याचे नुकसान होते. हे ओळखून महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अशी योजना आणली, की संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. किनारपट्टीवरील शाळांतील शिक्षकांनी ही माहिती मुलांमार्फत घरोघर जरूर पोचवावी. मोसमी वारे शिकवताना नकाशावर ओमानपासून गोव्यापर्यंत एक रेघ ओढून लुबानची गोष्टही सांगावी. ज्या मुलांचे आईवडील समुद्रावर जातात, त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी ती वेळेवर आठवली, तरी पुष्कळ झाले.