सुकी गोदी आणि जाणते हात

इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका जतन करून ठेवली आहे. युरोपात अजून तरंगणाऱ्या युद्धनौकांत ती सर्वांत जुनी मानली जाते. ती बांधली मुंबईत, 1817 साली, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, मलबारी सागवानात. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातलं तेल मात्र लोखंडाला जपतं. वाडियांचे पूर्वज लवजी नसरवानजी 1736 मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि 1750 मध्ये इथे सुकी गोदी उभी राहिली. चीनवर लादलेला 1842 चा नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस'वर झाला, तेही मुंबईतच बांधलेलं जहाज.

बांधणीचं कौतुक होतंच. माझ्या मते बंदराचा खरा कस दुरुस्तीत लागतो. जहाज एकदाच बांधलं जातं, पण गोदीत त्याला आयुष्यभर पुन्हा पुन्हा यावं लागतं.

मुंबईच्या इंदिरा गोदीतली ह्यूजेस सुकी गोदी 1914 ची. लांबी 1000 फूट, रुंदी 100 फूट. जहाज येण्याआधी तळावर ठोकळे मांडतात, तेही त्या जहाजाच्या नकाशाबरहुकूम. मांडणी चुकली तर हजारो टनांचा भार भलत्याच जागी येतो आणि बुडाचा पत्रा दबतो. जहाज आत आलं की दार लागतं आणि पंप सुरू होतात. पाणी उतरत असताना जहाज दोरांनी मधोमध धरून ठेवायचं आणि ते ठोकळ्यांवर नीट बसलं की नाही, हे पाणबुड्यांनी खाली जाऊन पाहायचं. इथे घाई केलेली चालत नाही.

मग उघडं पडतं ते बूड: शेवाळ, घट्ट चिकटलेले कवचाचे जीव, गंजाचे पापुद्रे. हा थर वाढला की जहाज जड चालतं आणि इंधन जास्त खातं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो काढतात, पत्र्याची जाडी मोजतात, झिजलेला तुकडा कापून नवा जोडतात. बुडाला जस्ताचे ठोकळे लावलेले असतात. खाऱ्या पाण्यात जस्त आधी झिजतं, म्हणून लोखंड वाचतं. दर गोदीफेरीला ते तपासायचे, संपत आलेले बदलायचे. पंखा, सुकाणू, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपा यांची पाळी याच मुदतीत. गोदीतला प्रत्येक दिवस मालकाला महागात पडतो, म्हणून काम रात्रपाळीतही चालतं.

2019 पासून ह्यूजेस गोदी कोचीन शिपयार्ड चालवतं. जवळच माझगाव डॉक हा जहाजबांधणीचा कारखाना आहे. सरकारने तो 1960 मध्ये ताब्यात घेतला आणि तिथेच बांधलेली 'नीलगिरी' ही युद्धनौका 1972 मध्ये नौदलात दाखल झाली.

वाडियांची नावं इतिहासात राहिली. सुतार, लोहार, रंगाऱ्यांची राहिली नाहीत, आणि ही उणीव मला फार लागते.

बीड जिल्ह्यातल्या आपल्या वडवणीपासून समुद्र शेकडो किलोमीटरवर असला तरी गोदीतलं काम वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन यांचंच आहे आणि हे धंदे आयटीआयमध्ये शिकवले जातात. माझगाव डॉक आठवी, दहावी आणि आयटीआय झालेल्या मुलामुलींना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतं. घरात असं कुणी असेल, तर माझगाव डॉकच्या भरतीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि अर्ज जरूर भरायला लावा.