पाच एकर मका आणि सूर्यापर्यंतची रांग

पाच एकर मका घ्या. एकरी 33 हजार झाडं धरली तर झाली 1 लाख 65 हजार. झाड दोन मीटरचं. आता ती जमिनीवर टोकाला टोक लावून मांडा: 330 किलोमीटर! मुंबईहून पुणे गाठून परत मुंबईत आलात, तरी 30 किलोमीटर उरले. हीच रांग कुट्टी यंत्रात सारा. दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे केले, तर नुसत्या ताटांचेच दीड कोटीच्या वर!

एकरी 15 टन धरून हा माल 75 टन. मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या चाऱ्यासाठी, ट्रॅक्टर फिरवून घट्ट दाबला, तर 20 फूट व्यासाच्या विहिरीत 15 फुटांपर्यंत चढेल. त्यात पाणी किती असावं? दाण्यातला चीक अर्धा घट्ट झाल्यावर कापला, तर 50 हजार लिटर, म्हणजे 10 हजारी पाच टँकर. घाईने कोवळाच कापला, तर तेवढ्याच वजनात सहा! हा सहावा टँकर सगळा घात करतो. मक्याची साखर घेऊन तो खालून झिरपतो, चारा आंबट व्हायला उशीर लागतो, आणि मातीतले क्लॉस्ट्रिडियम जिवाणू माजतात. मुरघासाचा खड्डा उघडला की गोडसर आंबूस वासाऐवजी कुजका भपकारा! ही माती येते विळा जमिनीला घासून चालवल्यामुळे. वीतभर धसकट शेतात राहू द्यावं. तेवढ्या वजनाचा लोभ महागात पडतो.

लांब कुट्टी नीट दबत नाही. हवा राहिली की बुरशी आलीच. काही बुरश्यांचं अफ्लाटॉक्सिन हे विष तर गाईच्या पोटातून दुधात उतरतं. त्याची आपल्याकडची कायदेशीर मर्यादा ऐका: दुधाचे 10 हजारी टँकर उभे करा, एक नाही, शंभर! त्या सगळ्यांत मिळून जेमतेम अर्धा ग्रॅम.

आणि आपल्या बाजूचे जिवाणू? लॅक्टिक आम्ल बनवणारे. ग्रॅमभर कुट्टीवर 10 लाख असले, तर दहाच वेळा दुप्पट होऊन 100 कोटी! मुरघास सहा पीएचवरून चारवर आणतात, म्हणजे आम्लता शंभरपट, आणि तिथे लिस्टेरियासारख्या रोगजंतूंचा जोर ओसरतो. आंबणं ऐन भरात असताना गाईच्या एका दिवसाच्या 20 किलोंत हे 20 लाख कोटी. तीन गाईंच्या चाऱ्यात 60 लाख कोटी. 2025-26 चा केंद्रीय अर्थसंकल्प सुमारे 50 लाख कोटी रुपयांचा होता!

आता यांचीच रांग लावू. एकेक जिवाणू दोन मायक्रॉनचा धरा, मिलिमीटरचा पाचशेवा भाग. एका ग्रॅमची रांग 2 किलोमीटर. 75 ग्रॅम, म्हणजे मूठभर, की मुंबई-पुणे. गाईच्या दिवसभराच्या चाऱ्याची 40 हजार किलोमीटर: पृथ्वीला पूर्ण वेढा! आणि त्या 75 टनांच्या अख्ख्या खड्ड्याची? 15 कोटी किलोमीटर. पाच एकर मक्यातून थेट सूर्य!