राष्ट्रपतीची निवडणूक व चिपळूणचें मत

अमेरिकेंत अध्यक्षपदाचा उमेदवार आपल्या जोडीचा उपाध्यक्ष आधींच निवडतो. १९६० सालीं मॅसॅच्युसेट्सचे केनेडी यांनीं टेक्ससच्या जॉन्सन यांस बरोबर घेतलें, तें दक्षिणेकडील मतांवर नजर ठेवून. चिपळूणच्या मतदारापुढें मात्र अशी जोडी कधींच येत नाहीं. भारतांत दोन्ही पदांच्या निवडणुका निरनिराळ्या होतात. उपराष्ट्रपतीस केवळ संसदेचे सभासद निवडतात. राष्ट्रपतीस निवडून आलेले खासदार व आमदार.

अर्थात् चिपळूणकराचें मत त्याच्या आमदाराच्या हातून दिल्लीस पोंचतें. २०२२ सालीं महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचें मूल्य १७५ होतें. १९७१ च्या शिरगणतींतील राज्याच्या लोकसंख्येस २८८ नें व आलेल्या आंकड्यास हजारानें भागावें, म्हणजे हें मूल्य निघतें.

जोडीदार नाहीं, तर मतें वळवावयाचीं कशीं? मतदान गुप्त असतें व पक्षाचा आदेशहि बंधनकारक नसतो. म्हणून उमेदवार कोण, यासच महत्त्व येतें. २००७ सालीं जळगांव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या. शिवसेना ज्या आघाडींत होती, तिचा पाठिंबा भैरोंसिंह शेखावत यांस होता. तरीहि महाराष्ट्राच्या कन्येस तें पद मिळावें म्हणून सेनेनें पाटील यांची बाजू घेतली. पाटील यांस ६,३८,११६ व शेखावत यांस ३,३१,३०६ इतक्या मूल्याचीं मतें पडलीं.

विधानसभेसाठीं मत देतांना चिपळूणकर केवळ रस्त्यापाण्याचा प्रतिनिधि निवडीत नसतो. राष्ट्रपतीचा एक मतदारहि तो निवडीत असतो.