मेकॅनो : खेळातून भूमिती

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली पेटंट घेतलेला खेळ १९०७ पासून 'मेकॅनो' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या पट्ट्यांना दर अर्ध्या इंचावर भोक असते. ९ भोकांच्या दोन व ७ भोकांच्या दोन पट्ट्यांचा आयत नट-बोल्टने जोडून कोपरा दाबा, तो कलतो. कर्णावर ११ भोकांची पट्टी बसवताच तो घट्ट होतो, कारण त्रिकोणाचा आकार बदलत नाही. रेल्वेपुलांत त्रिकोण असतात ते याचसाठी. भोकांमधली अंतरे मोजा : ८, ६, १०. हाच पायथागोरसचा सिद्धांत!

पालकांनो, दोन नट हरवले म्हणून माळ्यावरचा संच भंगारात देऊ नका. पट्ट्या पुसून मुलांच्या हाती द्या, एवढीच आमची विनंती.