सही कुणाची, पाकीट कुणाकडे?

टपाल कार्यालयाच्या चौकशीच्या खिडकीवर सगळ्यात हतबल माणूस कोण, तर ज्याचं पाकीट ‘पोचलं’ आहे तो. पाकीट वाटेत असेल तर वाट बघता येते. परत गेलं असेल तर पुन्हा मागवता येतं. पण मोबाइलवर ‘आयटम डिलिव्हर्ड’ दिसतंय आणि घरात पाकीट नाही, असं झालं की कुणाला काय विचारायचं, इथपासूनच गोंधळ सुरू होतो.

पुण्याच्या एका उपनगरातली निवृत्त शिक्षिका अशीच खिडकीशी उभी होती. मुलीचं पदवी प्रमाणपत्र विद्यापीठाने स्पीड पोस्टने पाठवलेलं. व्हिसाच्या अर्जासाठी ते हवं होतं आणि नोंदीप्रमाणे आदल्या दिवशी दुपारी ते कुणीतरी सही करून घेतलं होतं. “आम्ही दिवसभर घरातच होतो हो,” बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. खिडकीमागच्या कारकुनाने आवाज चढवला नाही. त्याने आधी क्रमांक मागितला.

तिथूनच सुरुवात करायची असते. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा खुणांचा: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची ‘आय एन’ ही अक्षरं. नऊ आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या आठांवर ठरलेलं गणित करून काढलेला असतो. जागतिक टपाल संघाने ठरवलेल्या या पद्धतीमुळे एखादा आकडा चुकून टाइप झाला, तर यंत्राला तो बहुतेक वेळा ओळखता येतो. पाठवणाऱ्याने फोनवरून घाईत सांगितलेला क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक यांत फरक निघाला, असं खिडकीवर बऱ्याचदा होतं. म्हणून तोंडी क्रमांकावर कुणी जाऊ नये. पावतीचा फोटोच मागवावा.

बाईंचा क्रमांक बरोबर होता. मग कारकुनाने बीट विचारली.

बीट म्हणजे पोस्टमनचा रोजचा ठरलेला भाग. हरवलेल्या पाकिटाचा शोध खरं तर सकाळच्या बटवड्यापासून मागे मागे घ्यायचा असतो. सकाळी टपालाच्या थैल्या येतात. थैलीचं सील, लेबल आणि वजन आधी बघतात, मग ती उघडतात. आतल्या नोंदणीकृत आणि स्पीड पोस्टच्या वस्तू यादीशी ताडून एकेक स्कॅन होतात. यादीत आहे आणि थैलीत नाही, असं निघालं तर ती त्रुटी तिथल्या तिथे नोंदवून पाठवणाऱ्या कार्यालयाला कळवायची असते. नंतर बीटप्रमाणे वाटणी होते आणि पोस्टमन आपल्या हिश्श्याची पाकिटं स्वतःच्या नावावर घेतो. दुपारी परतल्यावर हिशेब द्यायचा: इतकी दिली, इतकी परत आणली, परत आणलेल्यांवर कारणाचा शेरा. घर बंद. मालक हजर नाही. घेण्यास नकार. पत्ता अपुरा.

या साखळीत कुठल्याही क्षणी पाकीट एका ठरावीक माणसाच्या नावावर असतं. बुकिंग, सॉर्टिंग, थैली, बटवडा कार्यालय, पोस्टमन असा प्रत्येक हात बदलताना नोंद होते. म्हणूनच सहीचं टपाल साध्या टपालापेक्षा वेगळं. ते हरवलं तरी शेवटचा हात कोणता, हे विचारता येतं. शोध घेणाऱ्याने ‘माझं पाकीट कुठे आहे’ एवढंच विचारून थांबू नये. ‘शेवटची नोंद कुणाच्या नावावर आहे’ असं विचारलं की उत्तर लवकर मिळतं.

बाईंच्या बीटचा नेहमीचा पोस्टमन रजेवर होता, बदलीचा माणूस गेला होता. चारच्या सुमारास तो आला. त्याच्या फोनवर सहीची जागा उघडली तेव्हा पडद्यावर बोटाने ओढलेली एक वाकडी रेघ दिसली. नाव वाचता येत नव्हतं. पण पोस्टमनला जागा आठवत होती: “गेटवरच्या वॉचमनने घेतलं. म्हणाला, मी देतो.” कारकुनाने त्याला बाईंबरोबर परत पाठवलं. पाकीट शेजारच्या सोसायटीच्या केबिनमध्ये, खणात, विजेच्या बिलांखाली होतं. दोन्ही सोसायट्यांची नावं एकाच देवाची, फरक फक्त ‘अपार्टमेंट’ आणि ‘हाइट्स’ एवढाच.

असं पाकीट सापडतं, कारण दुसऱ्याच दिवशी विचारलं जातं. महिन्याने विचारलं असतं तर बदलीच्या पोस्टमनला ते गेट आठवलं असतं का, वॉचमन तरी तोच राहिला असता का? शोधाच्या कामात पहिल्या दोन-तीन दिवसांना जे मोल असतं ते नंतरच्या कुठल्याही अर्जाला नसतं.

सहीबद्दलचा एक गैरसमज इथे स्पष्ट करायला हवा. ‘सही लागते’ म्हणजे ‘माझीच सही लागते’ असं लोक धरून चालतात. पूर्वी रजिस्टर टपाल नाव असलेल्या व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाला द्यायचं असे. स्पीड पोस्ट मात्र पत्त्यावर पोचवण्याची सेवा म्हणून वाढली; ती 1 ऑगस्ट 1986 रोजी सुरू झाली आणि पत्त्यावर जो कुणी असेल त्याच्या सहीवर पाकीट देण्याची पद्धत पडली. 2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. 1 ऑक्टोबर 2025 च्या नव्या दरांनुसार ‘नोंदणी’ ही स्पीड पोस्टवरची जादा सोय झाली आहे. पाच रुपये आणि त्यावरचा जीएसटी भरला की पाकीट फक्त नाव असलेल्याला किंवा त्याच्या अधिकृत माणसाला देतात. ओटीपी सांगितल्याशिवाय पाकीट न देण्याची सोयही तेवढ्याच पैशांत आहे. विद्यापीठं, बँका आणि वकील यांनी ही सोय डोळे झाकून घ्यावी, इतकी ती स्वस्त आहे. गंमत म्हणून कुणी पदवी प्रमाणपत्र मागवत नाही.

पासपोर्टचं टपाल याच काळजीने हाताळतात. तो स्पीड पोस्टने येतो, पोस्टमन ओळखपत्र बघतो आणि अर्जदाराच्याच हाती देतो. घरी कुणी नसेल तर तो कार्यालयात ठेवतात आणि ठरलेल्या मुदतीत कुणी नेला नाही तर पासपोर्ट कार्यालयाकडे परत पाठवतात. सही घेऊन द्यायचं बाकीचं टपालही दार बंद असेल तर साधारण सात दिवस कार्यालयात थांबतं. म्हणजे ‘हरवलं’ वाटणारं पाकीट पुष्कळदा घरापासून दीड-दोन किलोमीटरवर, पोस्टाच्या कपाटात, चिठ्ठी न मिळालेल्या माणसाची वाट बघत असतं. गावी गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत तर हे हमखास.

काही पाकिटं पत्त्यामुळे भरकटतात. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळ कोकणातले, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सारखी नावं आणि चुकीची स्पेलिंगं यांतून टपाल वाचावं, हाच त्यामागचा उद्देश होता. पण 411 च्या जागी 441 पडलं की पुण्याचं पाकीट नागपूरच्या बाजूला निघतं. नोंदींमध्ये अनोळखी गावाचं नाव दिसलं तर चोरीची शंका घेण्याआधी पाकिटावरचा पिन पाठवणाऱ्याला विचारावा.

आणि खरोखरच गेलं असेल तर? तक्रार लेखी करावी. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर किंवा 1800 266 6868 या क्रमांकावर ती नोंदवता येते. तिचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा. मजकूर लांबलचक नको. बुकिंगची तारीख, कार्यालय, वजन, आत काय होतं आणि मुख्य मागणी एकच: पाकीट दिल्याच्या पुराव्याची प्रत. ज्या दिवशी ती प्रत समोर येते त्या दिवशी अर्धी प्रकरणं सुटतात, कारण सही पाहिल्यावर घरातल्याच कुणीतरी “अरे, हे तर मी घेतलं होतं” म्हणतं, किंवा ती सही आपल्यापैकी कुणाची नाही हे ठामपणे लिहून देता येतं. उत्तर समाधानकारक नसेल तर वरिष्ठ अधीक्षक, मग डाक अदालत आणि केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल हे पुढचे दरवाजे आहेत. नुकसानभरपाई मागण्याचा हक्क पाठवणाऱ्याचा असतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं. ज्याचं पाकीट हरवलं त्याने पाठवणाऱ्यालाही कामाला लावलं पाहिजे.

पैशांच्या बाबतीत मात्र फार आशा धरू नये. स्पीड पोस्ट हरवल्यास भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांत जे कमी ते, असा वर्षानुवर्षांचा नियम आहे. 1898 च्या कायद्याने टपाल खात्याला नुकसानीच्या जबाबदारीतून जवळजवळ मोकळं ठेवलं होतं. 18 जून 2024 पासून लागू झालेल्या नव्या टपाल कायद्यातही, नियमांत सांगितली असेल तेवढीच जबाबदारी खातं घेतं. मौल्यवान वस्तूचा विमा बुकिंगच्या वेळीच उतरवायला हवा.

खासगी कुरिअरची गोष्ट वेगळी नाही. भारती निटिंग कंपनीने जर्मनीला कुरिअरने पाठवलेली कागदपत्रं पोचली नाहीत, म्हणून ती ग्राहक न्यायालयात गेली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पावतीवर कुरिअर कंपनीची जबाबदारी शंभर डॉलरपुरती असल्याची अट छापलेली होती आणि पाठवणाऱ्याने त्यावर सही केली होती. तेव्हा तेवढेच मिळतील. पाकीट घेताना होणाऱ्या सहीची सगळेच चर्चा करतात. पाठवताना आपण केलेली सही त्याहून महाग पडू शकते.

न मिळालेलं पाकीट नोटिशीचं असेल तर धोका आणखी मोठा. जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम 27 प्रमाणे योग्य पत्ता घालून, टपालखर्च भरून रजिस्टरने पाठवलेली नोटीस पोचली असं कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करणं घेणाऱ्याकडे येतं. न वटलेल्या चेकच्या प्रकरणांत 2007 मध्ये सी. सी. अलवी हाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. पण नोटीस खरंच मिळाली नाही असं म्हणणाऱ्यासाठी न्यायालयाने वाट ठेवली: समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरा. ‘रजिस्टर आलं तर घ्यायचंच नाही’ हा जुना सल्ला म्हणूनच घातक आहे. नकाराचा शेरा नाकारणाऱ्याच्याच विरोधात जातो.

शेवटी सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. सही घेणारा माणूस आता बहुतेक ठिकाणी वॉचमन असतो आणि त्याच्या हाती पाकीट पडल्यापासून घरी पोचेपर्यंत कुणाचीच नोंद नसते. केबिनमध्ये एक वही ठेवा. पाकिटाचा क्रमांक, नाव, फ्लॅट, घेतल्याची वेळ आणि नेणाऱ्याची सही, एवढे पाच रकाने पुरेत. वॉचमनला सांगा की नाव आपल्या सोसायटीचं नसेल तर पाकीट घेऊ नको, पोस्टमनला तसंच परत पाठव.