बोलायचंच तर काम, त्याला अंग कशाला लागतं?

आपल्या वस्त्यांमध्ये आता आवाजावर चार पैसे कमावणारी पोरं-पोरी दिसू लागली आहेत. कुणी रिक्षाच्या भोंग्यासाठी कपड्याच्या दुकानाची जाहिरात बोलून देतो, कुणी कोचिंग क्लासची. एखादी ताई मोबाइलवरच्या गोष्टींना, माहितीच्या व्हिडिओंना आवाज देते. निवडणूक आली की उमेदवाराचा प्रचार, जयंती आली की मिरवणुकीचं निवेदन. भोकरसारख्या तालुक्याच्या गावात त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. मोबाइल, कॉलरला लावायचा माइक आणि घरातला एखादा शांत कोपरा मिळाला की काम सुरू. आई-बापालाही बरं वाटतं. ऊन नाही, ओझं नाही, लेकरू सावलीत बसून कमावतंय.

हे चांगलंच आहे. पण ‘बसून बोलायचंच तर आहे’ या समजुतीमुळे शरीराकडे बघायचं राहून जातं. मी आधी वॉर्डात नर्स होते, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करते. आवाज बसला म्हणून जे भेटतात ते बहुतेक घशावरची गोळी विचारतात. झोप किती होते, दिवसाला पाणी किती पिता, जिना चढताना धाप लागते का, हे मी विचारलं की ‘त्याचा आवाजाशी काय संबंध’ असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

संबंध किती आहे ते एका मराठी नटाच्या उदाहरणावरून सांगते. ‘पुष्पा’ हा सिनेमा तुमच्या घरातल्या पोरांनी हिंदीतून पाहिला असेलच. त्यात पडद्यावर अल्लू अर्जुन दिसतो, पण हिंदीतला आवाज श्रेयस तळपदे यांचा आहे. १४ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या दिवशी मुंबईत एका सिनेमाचं शूटिंग होतं आणि सैनिकी कसरतींचे प्रसंग होते. शेवटचा प्रसंग झाल्यावर धाप लागली, डावा हात दुखू लागला. कसरतीमुळे अंग दुखत असेल असं त्यांना वाटलं. ते घरी गेले, मग पत्नीने गाडीत घालून दवाखान्याकडे नेलं, आणि दवाखाना समोर दिसत असतानाच त्यांची शुद्ध हरपली. हृदय थांबलं होतं. डॉक्टरांनी छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन ते पुन्हा सुरू केलं, अँजिओप्लास्टी केली. हे सगळं त्यांनीच नंतर मुलाखतींमधून सांगितलं. घरात हृदयविकाराचा इतिहास होता, कोलेस्ट्रॉल थोडं वाढलेलं होतं आणि त्यावर औषध सुरू होतं, हेही सांगितलं. पुढच्या वर्षी ‘पुष्पा’च्या दुसऱ्या भागाला त्यांनी पुन्हा आवाज दिला.

आता विचार करा. त्यांना दवाखाना जवळ होता. भोकरहून नांदेड सुमारे पन्नास किलोमीटर आहे. आपल्याकडे ‘अंग दुखत असेल’ म्हणून घालवलेला अर्धा तास फार महाग पडतो. छातीत जड वाटणं, डावा हात किंवा जबडा दुखणं, दरदरून घाम येणं, कारण नसताना धाप लागणं, यातलं काही झालं की ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन लावा. बायकांमध्ये पुष्कळदा छातीत दुखतही नाही, नुसती मळमळ, थकवा आणि पाठीत कळ येते. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला तर त्याला कडक जमिनीवर उताणं निजवा, छातीच्या मधोमध तळहाताचा टाचेकडचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात ठेवा आणि दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. थकलात तर दुसऱ्याने घ्यायचं, पण गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. तोंडावर पाणी मारण्यात आणि कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

आपल्या चळवळीतल्या आवाजाच्या माणसांनाही हे चुकलेलं नाही. लोकशाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रम सुरू असताना मंचावरच कोसळले आणि गेले. वय ऐंशीच्या घरात होतं. त्या वयातही ते मंचावर उभे राहून गात होते, हे ऐकून आपला ऊर भरून येतो. पण एक नर्स म्हणून मला असंही वाटतं की आपण आपल्या शाहिरांचे सत्कार खूप करतो, शाल खूप देतो, आणि कार्यक्रमाच्या आधी त्यांचं ब्लडप्रेशर कुणी बघत नाही. भीमजयंतीला मंडळं डीजेवर लाखभर रुपये घालतात. गाणाऱ्यासाठी मंचामागे पंखा, पाणी आणि बसायला खुर्ची एवढं तरी करा.

आता आवाज नेमका येतो कुठून ते बघू. गळ्यात दोन छोट्या पट्ट्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. बोलताना त्या एकमेकींवर आपटतात, पुरुषांमध्ये सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा, बायकांमध्ये २०० च्या आसपास. म्हणजे एखादी ताई तासभर बोलली की लाखो टाळ्या झाल्या. पण टाळी वाजवायला हवा लागते, आणि ती फुप्फुसातून येते. फुप्फुसाखालचा पडदा, पोटाचे, बरगड्यांचे, पाठीचे स्नायू मिळून ती हवा ढकलतात. हे स्नायू कमजोर असले की माणूस मान ताणून, गळा आवळून बोलतो. सगळा भार त्या दीड सेंटिमीटरच्या पट्टीवर येतो. आवाज फाटतो तो तिथे, पण कारण पुष्कळदा पोटात आणि पाठीत असतं.

म्हणून आवाजाच्या माणसाला रोज अर्धा तास भरभर चालणं हे औषधापेक्षा मोठं आहे. चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका वेग ठेवा. भोकरचं रेल्वे स्टेशन, शाळेचं मैदान, शेताची वाट, कुठेही चालेल. तरुण पोरं जिममध्ये जातात, त्यांना एक सांगते. वजन उचलताना श्वास कोंडून ‘हूं’ करून ओरडू नका. त्या वेळी स्वरतंतू एकमेकींवर जोरात आवळले जातात. वजन उचलताना श्वास सोडा.

रेकॉर्डिंग शक्यतो उभं राहून करा. खाली मान घालून मोबाइलवरचा मजकूर वाचला की गळाही दबतो आणि पोटही. मजकूर डोळ्यांसमोर भिंतीला लावा.

आपल्याकडची खरी अडचण घराची आहे. पत्र्याची खोली, शेजारचा टीव्ही, रस्त्यावरच्या गाड्या. मग ही पोरं काय करतात? डोक्यावरून वाकळ घेतात आणि आत बसून बोलतात. आवाज छान येतो, वाकळ घुमणारा आवाज पिऊन घेते. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, त्यात पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद, कूलर बंद, आणि वर वाकळ. अर्ध्या तासात अंग घामाने निथळतं, डोकं गरगरतं. हा सरळ सरळ उष्माघाताकडे जाणारा रस्ता आहे. वाकळ डोक्यावर घेऊ नका, दोरीवर टाका. पाठीमागे एक, दोन्ही बाजूंना एकेक, वर मोकळं. काम पहाटे पाच ते सातमध्ये उरका, तेव्हा वस्तीही शांत असते आणि पत्राही गार. दर वीस मिनिटांनी बाहेर या.

पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. बोलता बोलता घोट घेतला की घसा ओला झाला असं वाटतं. खरं तर पिलेलं पाणी स्वरतंतूंना शिवतच नाही, ते अन्ननलिकेतून जातं. श्वासनलिकेकडे गेलं तर ठसका लागतो. स्वरतंतू ओले राहतात ते रक्तातून मिळणाऱ्या पाण्याने. म्हणून काम दहाला असेल तर आठपासून पाणी प्या. लघवी फिकट पिवळी असली की समजा पुरेसं आहे. पातळ ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी उत्तम. ताकाने कफ दाटल्यासारखं वाटत असेल तर रेकॉर्डिंगच्या आधी घेऊ नका, नंतर घ्या. साध्या पाण्याची वाफ मात्र थेट स्वरतंतूंपर्यंत जाते. त्यात बाम-बिम टाकायची गरज नाही. थंडगार लागणाऱ्या गोळ्या चघळत बोलू नका, घसा बधिर होतो आणि दुखतंय हे कळतच नाही.

घसा खाकरायची सवय ही सगळ्यात वाईट. प्रत्येक खाकरणं म्हणजे स्वरतंतूंना एक चापट. त्याऐवजी एक घोट पाणी गिळा. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलणारे पुष्कळ आहेत, तेही बरं नाही, त्यात गळ्यावर ताणच पडतो. बसला असेल तर गप्प राहा. लेकरांना मोबाइलवर लिहून दाखवा.

सुरुवातीला गळा तापवायचा साधा व्यायाम सांगते. लहान पोरं ओठांनी गाडीचा ‘फुर्रर’ आवाज काढतात ना, तसा काढायचा, खालच्या पट्टीतून वर, वरून खाली. दुसरा, पेल्यात दोन बोटं पाणी घ्या, त्यात शीतपेयाची नळी बुडवा आणि नळीतून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा. तीन-चार मिनिटं पुरे. घरातली माणसं हसतील, हसू द्या. आवाजाचे डॉक्टर हाच व्यायाम मोठमोठ्या गायकांनाही देतात.

तंबाखूबद्दल लांबण लावत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी प्रत्येक कोपऱ्यावर मिळते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. निवेदक पोरं म्हणतात पुडीने ‘जोर येतो’. बिडी-सिगारेटचा धूर तर सरळ स्वरतंतूंवरूनच जातो. आणि बायांची मिसरी हीसुद्धा तंबाखूच आहे, ती दातांचं औषध नाही. दारूने घसा कोरडा पडतो, झोप मोडते. रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येऊन स्वरतंतू जळतात. सकाळी उठल्यावर आवाज जड असेल आणि दिवस चढला की सुटत असेल, तर गळ्याच्या आधी रात्रीच्या जेवणाची वेळ तपासा. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा.

बायांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर वाक्य पूर्ण होण्याआधी श्वास संपतो, आणि ताईला वाटतं आपला सराव कमी पडतोय. सराव कमी नसतो, रक्त कमी असतं. आधी तपासणी करा, लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. त्या चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. दुसरी गोष्ट, आवाज हळूहळू जाड होत असेल, वजन वाढत असेल, थंडी जास्त वाजत असेल तर थायरॉइड तपासा. आणि दम्याचा पंप घेणाऱ्या सगळ्यांनी पंपानंतर चूळ भरून गुळण्या करायच्या, नाहीतर त्याच औषधाने आवाज घोगरा होतो.

कामाच्या तासांबद्दलही बोललं पाहिजे. अमेरिकेत व्हिडिओ गेमला आवाज देणारे कलाकार २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संपावर गेले. मारामारीच्या, मरणाच्या किंकाळ्या तासन्‌तास काढून त्यांचे गळे जखमी होत होते. अशा ताणाच्या कामाची बैठक दोन तासांच्या वर नको, ही त्यांची एक मागणी होती. श्रेयस तळपदे यांनीही ‘पुष्पा’च्या दुसऱ्या भागाचं डबिंग दोन-दोन तासांच्या चौदा बैठकांमध्ये केल्याचं सांगितलं आहे. आणि आपल्याकडे? प्रचाराच्या दिवसांत एकच पोरगा सकाळी रेकॉर्डिंग करतो, दुपारी रिक्षात माइक धरून ओरडतो, रात्री सभेचं निवेदन करतो, आणि हातावर पाचशे रुपये टेकवतात. काम घेतानाच सांगा, ओरडायचं काम दोन तास, मग विश्रांती. एकदा रेकॉर्ड केलेलं भोंग्यावर लावा, रोज नव्याने ओरडायला लावू नका. एकट्याने सांगितलं तर दुसऱ्याला बोलावतील, म्हणून तालुक्यातल्या पाच-दहा जणांनी मिळून दर आणि तास ठरवा.

१६ एप्रिल हा जगभर आवाजाचा दिवस म्हणून पाळतात. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये त्याची सुरुवात केली. आपली जयंती १४ ला, म्हणजे दोनच दिवसांनी. तेव्हा अर्ध्या वस्तीचे घसे बसलेले असतात. मंडळांनी त्या दिवशी विहारात गायक-निवेदकांसाठी तपासणी ठेवली तर खर्च फार नाही. ब्लडप्रेशर, साखर, तोंडाची तपासणी आणि वजन, एवढं आरोग्य उपकेंद्राच्या ताईसुद्धा करू शकतात. तिशी ओलांडलेल्यांची ही तपासणी सरकारी योजनेत फुकटच आहे.

बसलेला आवाज साधारण तीन आठवड्यांत सुटला नाही तर घरगुती काढे थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखू खाणाऱ्याने तीन आठवडेही थांबू नये. गिळताना दुखणं, थुंकीत रक्त, मानेत गाठ, यातलं काही असेल तर त्याच दिवशी निघा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आधी करा, क्षयरोग स्वरयंत्रालाही होतो आणि त्याची औषधं मोफत आहेत. घशासाठी नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सकाळच्या बाह्यरुग्ण वेळेत जा. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुने कागद सोबत घ्या. छोटा आरसा किंवा दुर्बीण घालून स्वरतंतू बघतात, काही मिनिटांचं काम आहे. भरपेट जेवून जाऊ नका, तपासताना मळमळतं.