जॅझ गिटारची बंद जवारी

हरिनाम सप्ताहातला पहाटेचा काकडा गावाबाहेरच्या शिवारापर्यंत ऐकू जातो. चिखली-मेहकरकडच्या माणसाला हे सांगायला नको. मंदिरावर किंवा कडुनिंबाच्या फांदीला बांधलेला भोंगा, खाली चटईवर ठेवलेला अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, आणि हरभऱ्याच्या शेतात पाणी देत असलेल्या माणसाला अभंगाचा शब्द न् शब्द कळतो. आता त्याच भोंग्याला कुणी इलेक्ट्रिक गिटार जोडली, आणि वाजवणारा प्रत्यक्ष वेस माँटगोमेरी असला, अंगठ्याच्या मांसल भागानं तारा छेडून मखमली आवाज काढणारा, तरी शेतात पोचेल ती फक्त कोरडी, नाकातली किणकिण. वादक तोच, गिटार तीच, स्वरही तेच. मग आवाज गेला कुठे?

उत्तर भोंग्याच्या आकारात आहे. एवढ्याशा कर्ण्यातून साधारण 250-300 हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. गिटारच्या सहा मोकळ्या तारा पाहा: 82, 110, 147, 196, 247 आणि 330 हर्ट्झ. म्हणजे सहापैकी पाच तारांचा मूळ स्वर भोंगा जवळजवळ गिळूनच टाकतो. तरीही ऐकणाऱ्याला सूर ओळखता येतो, कारण मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांवरून मेंदू हरवलेला पाया आपला आपण रचतो. कानाच्या या करामतीचं मला कायम नवल वाटत आलं आहे. पण ओळखलेला स्वर आणि छातीत उतरलेला स्वर यांत अंतर राहतंच. शब्द स्पष्ट कळायला मधल्या आणि वरच्या कंपनसंख्या लागतात, म्हणून कीर्तनकारासाठी भोंगा उत्तम. जॅझ गिटारला नेमकं उलट हवं असतं.

गिटारच्या अ‍ॅम्पला आपण आवाज मोठा करणारी पेटी समजतो. ती वाद्याचाच अर्धा भाग आहे, आणि पारंपरिक जॅझचा आवाज हवा असेल तर अ‍ॅम्प काय वाढवतो यापेक्षा काय गाळतो, ते आधी ऐकायचं.

सतारीची जवारी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे पटकन कळेल. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा कानसीनं घासून तार कशी टेकावी हे ठरवतात. पंडित रविशंकरांच्या सतारीची जवारी खुली, स्वरांशांनी झगमगणारी. उस्ताद विलायत खाँसाहेबांची बंद, गोल, गळ्याच्या जवळची. जॅझ गिटारवादक आपल्या अ‍ॅम्पकडे मागतो ती बंद जवारी. त्याच्या गिटारवर बहुधा चपट्या वेष्टणाच्या तारा असतात, तो मानेजवळचा पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत उतरवणारं वेटोळं, वापरतो, आणि गिटारवरचा टोनचा नॉब बराच खाली घेतो. वीस पडद्यांच्या गिटारचा सर्वांत उंच मूळ स्वर जेमतेम 1050 हर्ट्झचा. त्याच्यावरचं सगळं म्हणजे स्वरांश आणि तारेवरचा खरवडा. अ‍ॅम्पमधला कागदी शंकूचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढे झपाट्यानं मिटत जातो, आणि ते बरंच आहे. हीच गिटार घरातल्या हाय-फाय स्पीकरला जोडा, मिटवलेलं सगळं परत येतं आणि तार काचेसारखी टोचते.

हा आवाज कुणी आधी कल्पना करून बनवला नव्हता. 1936 साली गिब्सन कंपनीनं ईएस-150 नावाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. जोडीला ईएच-150 हा छोटा अ‍ॅम्प. त्याआधी सोळा-सोळा जणांच्या बँडमध्ये गिटार फक्त ठेका धरायची, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनपुढे तिचा एकेक स्वर ऐकू येणं शक्यच नव्हतं. ऑगस्ट 1939 मध्ये चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण बेनी गुडमनच्या ताफ्यात आला आणि ईएस-150 वर सॅक्सोफोनच्या धाटणीच्या लांबच लांब स्वरावली वाजवू लागला. मार्च 1942 मध्ये क्षयानं तो गेला तेव्हा पंचविशीत होता. अडीच वर्षांच्या त्या काळात त्यानं जे ध्वनिमुद्रित केलं, त्यावर पुढच्या पिढ्यांचे कान घडले. त्या वेळच्या स्पीकरला वरच्या पट्टीतलं फारसं जमत नसे. जमत नव्हतं तेच पुढे सौंदर्य ठरलं.

जॅझची लाट मराठी कानांपर्यंतही आली. 1935 साली लिऑन अ‍ॅबी आपला आफ्रिकन-अमेरिकन बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, आणि गोव्याच्या वादकांनी ते संगीत उचललं. त्यांतलाच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी त्याला साथीला घेतलं, आणि 1951 च्या ‘अलबेला’तून हा झुलता ठेका तंबूतल्या सिनेमापर्यंत पोचला. गिटारपुरतं बोलायचं तर मला सर्वांत जवळचं नाव वाटतं अमान्सियो डिसिल्व्हा. 1936 साली मुंबईत, गोव्याच्या घराण्यात जन्मलेला हा वादक पुढे लंडनला गेला, आणि 1969 मध्ये सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर त्यानं ‘हम दोनो’ नावाची तबकडी केली. अ‍ॅम्प निवडायला निघण्याआधी ती जरूर ऐकावी. आपल्या रागांकडे झुकणारी स्वरवाक्यं जॅझच्या गिटारवर कशी बसतात ते तिच्यात कळतं.

आता खरं नवल. रॉक गिटारवाले अ‍ॅम्प मुद्दाम फाटेपर्यंत चढवतात आणि ते सुंदर लागतं. मग जॅझवाले स्वच्छ आवाजाचा एवढा हट्ट का धरतात? रुची वेगळी, एवढंच कारण नाही. त्यात गणित आहे, आणि ते सरगमच्या भाषेत फार सुरेख दिसतं.

अ‍ॅम्प फाटू लागला की एकत्र वाजणाऱ्या दोन स्वरांमधून तो नवे स्वर जन्माला घालतो. दोघांच्या कंपनसंख्यांची बेरीज हा एक, वजाबाकी हा दुसरा, शिवाय आणखी काही. सोयीसाठी सा 240 हर्ट्झवर धरू. पंचम मग 360 वर. वजाबाकी 120, म्हणजे थेट खर्जातला सा. बेरीज 600, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. न मागता भरजरी साथ मिळाली! रॉकमध्ये सा-प ही जोडी फाटक्या आवाजात इतकी भव्य का लागते, त्याचं हे उत्तर.

आता पंचमाच्या जागी शुद्ध निषाद घ्या, कारण जॅझच्या स्वरसंगतींत सा आणि शुद्ध नी शेजारी बसतात ते नेहमीचंच. निषाद 450 वर. वजाबाकी 210: हा खालच्या सप्तकातल्या कोमल निषादाच्याही किंचित खाली पडतो. बेरीज 690: तार सप्तकातला तीव्र मध्यम 675 वर आणि पंचम 720 वर, हा दोघांच्या मधेच लोंबकळतो. दोन्ही आगंतुक कुठल्याच जागेवर बसत नाहीत. चार स्वरांच्या संगतीत सहा जोड्या होतात, प्रत्येकीतून असे दोन, म्हणजे बारा जास्तीचे स्वर. कानाला त्याचा नुसता चिखल लागतो. म्हणून जॅझवाल्याला असा अ‍ॅम्प हवा की जो मैफलीच्या आवाजाला वाजत असतानाही आपल्या ताकदीच्या मर्यादेपासून बराच दूर असेल.

त्या ताकदीचा हिशेबही थक्क करणारा आहे. कानाला आवाज दुप्पट वाटायला वीज सुमारे दहापट लागते. पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅटचा अ‍ॅम्प घेतला तर फरक जाणवतो, पण थोडाच. आणि त्यातली बहुतेक वीज उष्णता होऊन जाते. गिटारचा चांगला स्पीकरसुद्धा तीन ते सहा टक्क्यांच्या आसपासच विजेचा आवाज करतो. फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब 22 वॅटचा, ट्विन रिव्हर्ब 85 वॅटचा, दोघेही 1963 पासूनचे. घरात किंवा लहान सभागृहात ढोलकीविना वाजवायचं असेल तर बावीस वॅट भरपूर. सोबत ड्रम असले की डिलक्स फाटण्याच्या काठावर येतो आणि ट्विन अजून शांत असतो. पण ट्विनचं वजन तीस किलोच्या घरात. मलकापूर ते बुलढाणा एसटीनं जाणाऱ्या वादकानं हे खरेदीआधी उचलून पाहावं.

हे दोन्ही अ‍ॅम्प व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचा निर्वात बल्ब. आत तापलेल्या तंतूतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तीन-चारशे व्होल्टच्या पट्टीकडे धावतात. मधल्या बारीक जाळीवर गिटारकडून आलेला एका व्होल्टच्या दहाव्या भागाएवढा थरथरता दाब पडतो, आणि ती सगळी धाव त्या थरथरीबरहुकूम वाकते. ली डी फॉरेस्टनं 1906 साली ही जाळी बसवली आणि तिथून ध्वनिवर्धनाचं युग उघडलं. मर्यादेजवळ जाताना व्हॉल्व्ह हळूहळू वाकतो, एकदम तुटत नाही. चार्ली ख्रिश्चनच्या स्वराला जी किंचित खरखरीत कड आहे ती हीच. ती कड हवी असेल, तर व्हॉल्व्हला पर्याय नाही.

पण साठ-सत्तरच्या दशकातला गोल, निर्मळ आवाज हवा असेल, तर ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प कमी प्रतीचा समजू नका. अ‍ॅकॉर्डियनवादक टॉमी ग्युमिना यानं उभ्या केलेल्या पॉलिटोन कंपनीचे अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचेच, आणि जॅझ गिटारवादक जो पासनं त्यांच्यावर आयुष्याचा मोठा भाग वाजवलं. 1975 चा रोलंड जॅझ कोरस-120 देखील तसाच. स्वच्छ पट्ट्यात वाजवताना व्हॉल्व्हची खास कमान वापरातच येत नाही. उरतो तो स्पीकर, पेटी आणि हात.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्याला माझा सल्ला तर स्पष्टच ट्रान्झिस्टरचा. कारण वीज. रब्बीत मोटारपंप सुरू झाले की खेड्यात व्होल्टेज खाली येतं, आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये त्याच प्रमाणात पट्टीवरचा दाब उतरतो. अ‍ॅम्प लवकर फाटू लागतो, म्हणजे जॅझला नको तेच होतं. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला 120 व्होल्टचा अमेरिकन अ‍ॅम्प नुसता पिन बदलून आपल्या 230 व्होल्टला लावू नये, तो जळतो. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प बंद करून वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठून राहू शकतो, तेव्हा माहितगाराशिवाय तो उघडू नये. आणि अ‍ॅम्प कुठलाही असो, भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगलाच जोडलेल्या असतात, आणि ओठ माइकला टेकलेले असतात.

विजेतच एक गोड चमत्कार दडलेला आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि अ‍ॅम्पमध्ये ती एकदिश होताना तिची घरघर 100 हर्ट्झवर येते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा तिसरा पडदा दाबा: 98 हर्ट्झ. ही तार घरघरणाऱ्या जुन्या अ‍ॅम्पजवळ धरून वाजवली की सेकंदाला साधारण दोन हेलकावे ऐकू येतात. तानपुरा जुळवताना दोन तारांमध्ये येतात तसेच. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची असल्यानं तिथली घरघर दोन पडद्यांच्या मधे, बेसूर जागी पडते. गिटारच्या पिकअपमध्ये बाहेरून शिरणारी विजेची घरघर मारण्यासाठी गिब्सनच्या सेथ लव्हरनं 1955 साली दोन वेटोळ्यांचा पिकअप काढला. दोन्ही वेटोळी घरघर उलटसुलट पकडतात आणि ती आपसात कटते; तारेचा स्वर मात्र दोन्हींत एकाच दिशेनं येऊन वाढतो.

दुकानात गेलात की बास, मिडल, ट्रेबल हे तिन्ही नॉब मध्यावर ठेवून अ‍ॅम्पची परीक्षा करू नका. फेंडरच्या घडणीत मध्यावर ठेवणं म्हणजे सारखं ठेवणं नव्हे. त्या मंडलात मधली पट्टी मुळातच खचलेली असते. बास आणि ट्रेबल दोनच्या आसपास आणि मिडल पूर्ण दहावर केला की आवाज जवळपास सपाट होतो, आणि जॅझला तिथूनच सुरुवात करावी. नॉब लावायचे ते जितक्या मोठ्यानं वाजवायचं आहे तितक्याच आवाजाला. हळू आवाजात कान खर्जाला बहिरे होतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली मोजून दाखवलं. रात्री खोलीत हळू वाजवून लावलेला भरदार बास सभागृहात घुमून अंगावर येतो.

मग एकदा सा-ग-प-नी अशी संगत वाजवा आणि आवाज चढवत न्या. चारही स्वर वेगवेगळे मोजता येतात तोवर अ‍ॅम्प तुमचा. आणि हे उभं राहून ऐकू नका. बारा इंची स्पीकर हजार-अकराशे हर्ट्झच्या वरचा आवाज टॉर्चसारखा सरळ समोर फेकतो. तो तुमच्या पोटऱ्यांना लागतो आणि कानाला मंद वाटतो, म्हणून वादक ट्रेबल वाढवत राहतो आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्यांना तो टोचतो. पेटी खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलती करा, स्पीकरचं तोंड कानाकडे येऊ द्या, आणि मगच ट्रेबलला हात लावा.